रक्त वाढवायला मांजराला काय द्यायचं?

मांजराचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की दवाखान्यातच पहिला प्रश्न विचारला जातो: 'डॉक्टर, रक्त वाढवायला हिला काय देऊ?' घरात कोणी अशक्त झालं की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोहाचं टॉनिक ही यादी आपल्याला तोंडपाठ असते. तीच मांजरालाही लागू पडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण फेलाइन ल्युकेमिया झालेल्या मांजराच्या बाबतीत त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर लागतं: रक्त कमी झालं कशामुळे? ते कळल्याशिवाय दिलेलं टॉनिक फुकट जातं, कधी कधी अंगाशीही येतं.

१. रिपोर्टातल्या दोन ओळी

समजा, तीन वर्षांचा एक बोका आहे. आठवडाभर त्याचं खाण्यावर मन नाही. कपाटावर उडी मारणारा तो आता पलंगाखाली बसून राहतो. डॉक्टर त्याचा ओठ वर करून हिरड्या बघतात, रक्त काढतात. रिपोर्टात दोन गोष्टी येतात: 'एफईएलव्ही पॉझिटिव्ह' आणि 'पीसीव्ही १४'.

पहिली ओळ सांगते की फेलाइन ल्युकेमिया व्हायरस या विषाणूची लागण झाली आहे. दुसरी सांगते की रक्तातल्या तांबड्या पेशी फार कमी झाल्या आहेत, म्हणजे अ‍ॅनिमिया आहे. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं एकच वाक्य झालेलं असतं: 'ब्लड कॅन्सर आहे, आता काही उपयोग नाही.'

विषाणू शरीरातून घालवून देणारं औषध आज उपलब्ध नाही, हे खरं आहे. अ‍ॅनिमियाचं तसं नाही. त्याची कारणं बरीच असतात, एकाच मांजरात दोन-दोन असू शकतात, आणि त्यांतली काही साध्या औषधांनी बरी होतात. म्हणून या दोन ओळी वेगवेगळ्या वाचायला हव्यात.

२. हा विषाणू करतो काय?

१९६४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लसिका ग्रंथींच्या गाठी झालेल्या मांजराच्या पेशींमध्ये हा विषाणू सापडला. गाठींच्या शोधात सापडला म्हणून त्याला ल्युकेमियाचं नाव मिळालं. प्रत्यक्षात लागण झालेल्या बहुतेक मांजरांना रक्ताचा कर्करोग होत नाही. त्यांना जास्त त्रास होतो तो अ‍ॅनिमियाचा, आणि प्रतिकारशक्ती खचल्यामुळे मागे लागणाऱ्या इतर आजारांचा.

हा विषाणू 'रेट्रोव्हायरस' गटातला आहे. हे विषाणू आपली जनुकीय माहिती मांजराच्या पेशीच्या डीएनएमध्येच लिहून टाकतात. पुढे ती पेशी दुभंगली की विषाणूची प्रतही तिच्याबरोबर पुढच्या पेशीत जाते. त्यामुळे एकदा अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्त तयार होणाऱ्या गरात, त्याने ठाण मांडलं की त्याला तिथून हुसकावणं अवघड होतं.

तो मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, चावे, आईचं दूध हे त्याचे मार्ग. पिल्लांना तो सहज गाठतो. पूर्ण वाढलेल्या निरोगी मांजराचं शरीर त्याला बऱ्यापैकी तोंड देतं. माणसाला किंवा कुत्र्याला त्यापासून आजार झाल्याचं आढळलेलं नाही. त्यामुळे घरात लहान मूल आहे म्हणून मांजर बाहेर सोडून देण्याचं काही कारण नाही.

३. पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

दवाखान्यात होणारी रॅपिड किटची चाचणी रक्तातलं विषाणूचं एक प्रथिन शोधते. ती विषाणूलाच शोधते, त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना नाही. म्हणून आधी दिलेल्या लशीमुळे किंवा आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे ती चुकून पॉझिटिव्ह येत नाही. पिल्लाची चाचणी कोणत्याही वयात करता येते.

मात्र या चाचणीला काळाची मर्यादा आहे. लागण नुकतीच झाली असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. बाहेरच्या मांजराशी संबंध आल्याचा संशय असेल तर किमान ३० दिवसांनी ती पुन्हा करावी लागते. ठणठणीत दिसणारं मांजर पॉझिटिव्ह आलं तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेतात. त्यासाठी प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी होते.

लागण झालेल्या मांजरांचे ढोबळमानाने तीन रस्ते होतात. काहींचं शरीर विषाणूला सुरुवातीलाच संपवून टाकतं. काहींमध्ये विषाणू दबून राहतो: तो डीएनएमध्ये असतो, पण रक्तात दिसत नाही आणि सहसा पसरत नाही. अशी मांजरं बरीच वर्षं चांगली जगू शकतात. उरलेल्यांमध्ये विषाणू रक्तात वाढत राहतो आणि लाळेतून बाहेर पडत राहतो. अ‍ॅनिमिया, गाठी, वारंवार होणारे संसर्ग प्रामुख्याने या गटात दिसतात. या गटातली बहुसंख्य मांजरं निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. पण हा अनेक मांजरांचा मिळून काढलेला हिशेब आहे. त्यावरून तुमच्या मांजराची तारीख काढता येत नाही.

४. माणसाच्या मापाने वाचू नका

आता दुसरी ओळ. रक्ताची बारीक नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात. नळीतल्या रक्तात त्या किती टक्के आहेत, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. निरोगी मांजरात तो साधारण ३० ते ४५ असतो. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. २५च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, १५च्या आसपास किंवा त्याखाली तो गंभीर असतो.

रिपोर्टात हिमोग्लोबिनही असतं, आणि ते आपल्या ओळखीचं असल्यामुळे नजर तिथेच जाते. एक साधा हिशेब लक्षात ठेवा: हिमोग्लोबिनला तिनाने गुणलं की अंदाजे पीसीव्ही मिळतो. मांजराचं हिमोग्लोबिन १० आहे, म्हणजे पीसीव्ही सुमारे ३०. माणसाला १० म्हणजे कमी, मांजराला ते चालतं. हिमोग्लोबिन ५ असेल तर पीसीव्ही १५, आणि मग ते खरंच गंभीर.

आकड्याइतकंच महत्त्व आहे तो किती वेगाने उतरला याला. पीसीव्ही काही आठवड्यांत हळूहळू १४वर आला असेल तर शरीर जुळवून घेतं. मांजर कमी हिंडतं, जास्त झोपतं, पण चालून वाटीपर्यंत येतं. तोच आकडा दोन दिवसांत ३५वरून १८वर कोसळला, तर १८ असूनही मांजर आडवं पडतं. म्हणून एका रिपोर्टावरून निर्णय घेण्यापेक्षा दोन रिपोर्टांमधला उतार बघणं जास्त उपयोगी असतं.

५. टाकी रिकामी का होते?

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पातळी उतरली, तर कारणं तीनच असू शकतात. टाकी कुठेतरी गळत असेल. आतलं पाणी खराब होऊन ओतून द्यावं लागत असेल. किंवा खालचा पंप पाणी वर चढवत नसेल. तिन्ही वेळा टाकीत पाणी कमीच दिसतं, पण दुरुस्ती तीन वेगळ्या जागी करायची असते.

गळती म्हणजे रक्तस्राव. मांजरांत तो बहुधा डोळ्यांना दिसत नाही. पिसवा आणि आतड्यातले जंत थेंबाथेंबाने रक्त पितात. अंगावर पिसवांचा बुजबुजाट झालेलं लहान पिल्लू नुसत्या त्यांच्यामुळे दगावू शकतं.

पाणी खराब होणं म्हणजे तयार झालेल्या तांबड्या पेशी रक्तातच नष्ट होणं. एखादा जंतू त्यांना चिकटतो, एखादं विष त्यांना फोडतं, किंवा शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्यांना परकं समजून मारते.

पंप म्हणजे अस्थिमज्जा. मांजराची तांबडी पेशी साधारण ७० ते ८० दिवस जगते, माणसाची १२०. म्हणजे मांजराच्या मज्जेला ही टाकी आपल्यापेक्षा जास्त वेगाने भरत राहावी लागते. मूत्रपिंडातून निघणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक या पंपाचं बटण दाबतं.

ल्युकेमियाचा विषाणू बिघाड करतो तो मुख्यतः पंपात. तो मज्जेतल्या पेशींमध्येच राहत असल्यामुळे त्यांचं काम मंदावतं. विषाणूचा 'सी' हा उपप्रकार तर थेट तांबड्या पेशींवर घाला घालतो. तो पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. त्या प्रथिनाचं खरं काम २००४ साली स्पष्ट झालं: पेशीत साचलेलं जास्तीचं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, ते बाहेर टाकतं. विषाणूने ते प्रथिन अडवलं की हीम आत साचतं आणि घडत असलेली तांबडी पेशी पूर्ण होण्याआधीच मरते.

बीट आणि खजूर इथे का हरतात, ते यावरून कळेल. अशा मांजराच्या शरीरात लोहाची कमतरता नसते. असलेलं लोह वापरून पेशी पुरी करण्याची सोयच बंद पडलेली असते. बाहेरून आणखी लोह दिलं तर ते साचतं आणि त्रास देतं. मांजराला लोह द्यायचं ते पिसवांनी किंवा जंतांनी बराच काळ रक्त पिऊन खरी कमतरता झाली असेल तरच, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. माणसाचं टॉनिक तर नकोच.

एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचंही असंच आहे. मूत्रपिंडाच्या आजारात ते संप्रेरक कमी पडतं, तिथे इंजेक्शन कामाला येतं. ल्युकेमियाच्या बऱ्याच मांजरांत ते आधीच भरपूर तयार होत असतं. बटण दाबलेलं आहे, पंपच चालत नाही.

६. पंप चालतोय का, हे कसं कळतं?

मज्जा चालू असेल तर रक्त कमी झाल्यावर ती घाईघाईने नव्या, जरा कच्च्या तांबड्या पेशी बाहेर सोडते. त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. प्रयोगशाळेत त्या मोजता येतात. रक्त कमी झाल्यावर हा प्रतिसाद दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, हेही ध्यानात ठेवायचं.

दोन मांजरं घ्या. दोन्ही एफईएलव्ही पॉझिटिव्ह, दोघांचा पीसीव्ही १४. पहिल्याच्या रक्तात रेटिक्युलोसाइट भरपूर आहेत. म्हणजे पंप जोरात चालू आहे, तरी टाकी भरत नाही, तेव्हा गळती किंवा नासाडी शोधायला हवी. दुसऱ्याच्या रक्तात त्या जवळजवळ नाहीत. तिथे पंपावरच संशय आहे, आणि गरज पडली तर भूल देऊन मज्जेचा नमुना घ्यावा लागतो. आकडा तोच, पण पहिल्याच्या बाबतीत आशेला बरीच जागा आहे.

पहिल्या मांजरात शोधायचं पहिलं नाव मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस. हा सूक्ष्म जीवाणू तांबड्या पेशींना बाहेरून चिकटून बसतो आणि त्या पेशी नष्ट होतात. पिसवांशी आणि बोक्यांच्या मारामाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. एरवी धडधाकट मांजर त्याला पचवू शकतं, पण ल्युकेमियाचा विषाणू सोबत असला की अ‍ॅनिमिया फार खाली जातो. काचपट्टीवर हा जीवाणू कधी दिसतो, कधी दिसत नाही, म्हणून पीसीआर जास्त भरवशाची. विषाणूमुळे मज्जा आधीच दमलेली असेल तर रेटिक्युलोसाइट कमी असूनही हा जीवाणू असू शकतो. त्यामुळे संशय असेल तर रिपोर्टाची वाट न बघता डॉक्टर औषध सुरू करतात.

ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, वर्षानुवर्षं वापरात असलेलं प्रतिजैविक. काही आठवड्यांचा कोर्स असतो. त्यात घरच्यांनी सांभाळायची एक गोष्ट आहे. ही गोळी कोरडी गिळवली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते आणि पुढे नळी आकसू शकते. म्हणून गोळीनंतर लगेच बिनसुईच्या सिरिंजने पाच-सहा मिलिलीटर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजायचं, किंवा थोडं ओलं खाणं द्यायचं.

७. रक्त चढवणं: टँकर मागवण्याआधी

मांजर उभं राहू शकत नाही, नुसतं पडून असतानाही धापा टाकतं, अशा वेळी कारण शोधायला उसंत नसते. तेव्हा रक्त चढवतात. टंचाईत टँकर येतो तसंच हे. आजचा दिवस निभावतो, पंप दुरुस्त होत नाही. पण डॉक्सिसायक्लिनला काम करायला जे दिवस लागतात, ते याच टँकरमुळे मिळतात.

मांजरांचे रक्तगट मुख्यतः तीन: ए, बी आणि एबी. जगभरातल्या बहुतेक साध्या मांजरांचा गट ए असतो. ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या काही जातींत बी जास्त आढळतो. माणसांत 'ओ निगेटिव्ह' आणीबाणीला कोणालाही देता येतं, तसा सर्वांना चालणारा गट मांजरांत नाही. शिवाय बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडं नैसर्गिकरीत्याच असतात. त्याला ए गटाचं रक्त पहिल्यांदाच आणि थोडंसं दिलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तगट तपासणं आणि दोन्ही रक्तं जुळवून बघणं टाळू नका.

रक्त देणारं मांजर निरोगी, तरुण, चार-पाच किलोंहून जड आणि घरातच राहणारं हवं. त्याची ल्युकेमियाची किट चाचणी निगेटिव्ह असणं पुरेसं नाही. दबलेला विषाणू किटला दिसत नाही, पण रक्तातून दुसऱ्या मांजरात जाऊ शकतो. त्यासाठी पीसीआर करून घेतात.

आता हिशेब. साधारणपणे किलोमागे २ मिलिलीटर रक्ताने पीसीव्ही १ने वाढतो. आपला बोका चार किलोचा, म्हणजे पीसीव्ही १ने वाढवायला ८ मिलिलीटर. पाच किलोच्या दात्याकडून ४८ मिलिलीटर मिळालं, तर ४८ भागिले ८ बरोबर ६. तोवर त्याचा पीसीव्ही १२वर उतरला असेल, तर तो १८वर जाईल. मज्जा पूर्ण बंद आहे आणि पेशी ७० दिवस जगतात असं धरलं, तर तो पुन्हा १२वर यायला तीनेक आठवडे लागतील. चढवलेल्या पेशी प्रत्यक्षात त्याआधीही संपू शकतात. या तीन आठवड्यांत कोणतं कारण शोधायचं आणि कोणतं औषध करून बघायचं, हे रक्त चढवण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं बरं.

आपल्याकडे आणखी एक आग्रह हमखास होतो: 'डॉक्टर, निदान एक सलाइन तरी लावा.' पाणी कमी पडलेल्या मांजराला सलाइन जरूर लागते, पण त्यात तांबडी पेशी एकही नसते. गंभीर अ‍ॅनिमियात हृदय आधीच जास्तीचं काम करत असतं. त्यावर भरमसाठ पाणी चढवलं तर फुप्फुसात पाणी साठू शकतं. डॉक्टर सलाइनला नको म्हणाले, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

८. स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा

अ‍ॅनिमिया झालेल्या मांजराला सर्वांत मोठा धोका बऱ्याचदा घरातल्याच प्रेमळ माणसांकडून असतो. मांजराचं हिमोग्लोबिन ठरावीक रसायनांपुढे फार लवकर बिघडतं, आणि त्या रसायनांपैकी काही आपल्या रोजच्या फोडणीत असतात.

कांदा आणि लसूण: कच्चे, शिजवलेले, पावडरीतले, सगळेच. ते तांबड्या पेशी फोडतात. माशाच्या कालवणात भात कुस्करून घालणं, चिकनच्या रश्श्यात पोळी भिजवणं हे आजारी मांजरासाठी बंद. चिकन किंवा मासा नुसत्या पाण्यात शिजवून, काटे-हाडं काढून द्या.

पॅरासिटामॉल: अंग गरम लागलं म्हणून तापाची गोळी देणं म्हणजे विष देणं. माणसाच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

कुत्र्यांची पिसवांची औषधं: पिसवा तर घालवायच्याच आहेत, पण कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला झटके आणतं. मांजरांसाठीचंच, वजनाप्रमाणे ठरवलेलं औषध घ्या.

फिनेल: फिनॉल गटातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. मांजर पंजे चाटतं, आणि पुसलेल्या फरशीवरचं सगळं पोटात जातं. या विषाणूला एवढ्या जालीम औषधाची गरजही नाही. शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही, साबणाचं पाणी त्याला पुरतं.

खायला काय द्यायचं, याचं उत्तर साधं आहे: मांजर आवडीने खाईल असं, शिजवलेलं आणि पूर्ण पोषण देणारं. नुसता मासे-भात महिनोन्‌महिने पुरत नाही. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच लागतं, म्हणून चांगलं तयार कॅट फूड मुख्य आणि घरचं चिकन वरून, अशी विभागणी सोयीची पडते. कच्चं मांस, कच्ची अंडी, न उकळलेलं दूध नको. खचलेल्या प्रतिकारशक्तीला त्यातले जंतू झेपत नाहीत. 'रक्त वाढतं' म्हणून रोज कलेजी देऊ नका. जास्तीच्या अ जीवनसत्त्वाने हाडं बिघडतात.

खाणं कोमट करून द्या, वास सुटला की भूक चाळवते. मांजर दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठण्याचा नवाच आजार मागे लागू शकतो. 'उद्या खाईल' म्हणत थांबू नका. भूक वाढवणारी आणि मळमळ थांबवणारी औषधं डॉक्टरांकडे असतात.

९. रोज काय बघायचं?

घरच्या घरी चार नोंदी ठेवता येतात. एक वही पुरे.

श्वास: मांजर गाढ झोपलेलं असताना १५ सेकंदांत छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा आणि चाराने गुणा. सहा वेळा असेल तर मिनिटाला २४, ठीक. नऊ वेळा म्हणजे ३६. पुन्हा मोजा, आणि आकडा ३०च्या वरच राहिला तर डॉक्टरांना कळवा.

हिरड्या: रोज एकाच जागी, दिवसाच्या उजेडात बघा. गुलाबी, फिक्या, पांढऱ्या, पिवळसर, जे दिसेल ते लिहा. पिवळसर छटा तांबड्या पेशी फुटत असल्याची खूण असू शकते.

वजन: आठवड्यातून एकदा. आधी स्वतःचं, मग मांजराला कडेवर घेऊन. वजाबाकी लिहा. चार किलोंच्या मांजराचं २०० ग्रॅम जाणं म्हणजे ८० किलोंच्या माणसाचं ४ किलो जाणं.

वागणं: किती खाल्लं, ट्रेमध्ये गेलं का, अंग चाटून साफ करतं का. ट्रेमधली वाळू, माती किंवा भिंतीचा चुना चाटणं ही अ‍ॅनिमियाची जुनी खूण आहे. ती दिसली तर ओली झाल्यावर गोळे होणारी वाळू बदलून कागदाचे तुकडे घाला.

तोंड उघडून श्वास, पांढऱ्याफटक हिरड्या, थंड पडलेले पंजे, उभं राहता न येणं: यांतलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. नेताना कमीत कमी हाताळा. गंभीर अ‍ॅनिमियात पकडापकडीची झटापटही महागात पडते.

१०. घरातली बाकीची मांजरं

एक पॉझिटिव्ह निघालं की घरातल्या सगळ्यांची चाचणी करा. निगेटिव्ह मांजरांना शक्य तर वेगळ्या खोलीत ठेवा, वाट्या आणि ट्रे वेगळे ठेवा. पहिली ल्युकेमियाची लस अमेरिकेत १९८५ साली आली. ती निगेटिव्ह मांजरासाठी आहे, पॉझिटिव्ह मांजराला तिचा फायदा नाही. एक गैरसमज इथे नेहमी होतो: मांजरांना नेहमी दिली जाणारी तीन रोगांची लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी यांची असते. पॅनल्युकोपेनिया हा वेगळा आजार आहे. त्या लशीने ल्युकेमियापासून संरक्षण मिळत नाही.

पॉझिटिव्ह मांजराने घरातच राहायचं, दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्याही भल्यासाठी. बाहेरचा साधा सर्दीचा विषाणूही त्याला भारी पडतो. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी लावा. नसबंदी तब्येत स्थिर असताना करून घ्या. बरं वाटत असलं तरी सहा महिन्यांनी एकदा तपासणी आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा.

११. कधी थांबायचं?

काही मांजरांत सगळे शोध मज्जेपाशीच येऊन संपतात. पंप बंद, मायकोप्लाझ्मा नाही, चढवलेलं रक्त दर वेळी आधीपेक्षा लवकर उतरतंय. अशा वेळी एड्सवरच्या औषधांची नावं कानावर येतात. त्यांतल्या झिडोव्हुडिनचा स्वतःचाच दुष्परिणाम अ‍ॅनिमिया आहे, हे लक्षात असू द्या. अशा मांजरात ते अगदी विचारपूर्वकच वापरावं लागतं.

मग प्रश्न उरतो तो त्याच्या दिवसांचा. ते स्वतःहून खातं का? ट्रेपर्यंत जातं का? श्वास शांत आहे का? जवळ घेतलेलं त्याला आवडतं का? वहीत आठवड्याचे चांगले दिवस आणि वाईट दिवस मोजा. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. ते बोलणं पहाटे तीन वाजता, मांजर धापा टाकत असताना करण्यापेक्षा आधीच झालेलं बरं.

१२. दवाखान्यात विचारायचे प्रश्न

सुरुवातीच्या प्रश्नाऐवजी हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या.

एक: रेटिक्युलोसाइट मोजले का, मज्जा प्रतिसाद देते आहे का?
दोन: मायकोप्लाझ्माची पीसीआर करायची, की सरळ औषध सुरू करायचं?
तीन: पिसवा आणि जंत यांचं औषध आज देता येईल का?
चार: ल्युकेमियाचा रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने पक्का करायचा का?
पाच: रक्त चढवायची वेळ आली तर रक्तगट कुठे तपासता येईल आणि दाता कुठे मिळेल?
सहा: पीसीव्ही पुन्हा कधी बघायचा?

सहाव्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादी तारीख मिळाली पाहिजे. पुढच्या रिपोर्टात आकडा १४वरून १७वर गेला, तर शोधलेलं कारण बहुधा बरोबर होतं आणि औषध चालू ठेवायचं. ११वर आला, तर कारण बहुधा दुसरं आहे, आणि शोध वरून पुन्हा सुरू करायचा.